लोंबत्या फुलांचा धोत्रा? ब्रुगमॅन्सियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की माझ्या फोनवर एकाच झाडाचे फोटो यायला लागतात. कोणी उटीहून आलेलं असतं, कोणी मुन्नारहून, आणि खाली ठरलेला प्रश्न: "ताई, हे काय?" पाचगणीजवळ भिलारला आमच्या घराच्या कुंपणाला या झाडाची चार खोडं आहेत आणि पुण्यात गच्चीवरच्या अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये एक. तेवढ्या जिवावर गेली काही वर्षं उत्तरं देतेय. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, शब्द बहुतेक विचारणाऱ्यांचेच ठेवलेत.

माणसापेक्षा उंच झाड, आणि खाली तोंड करून लोंबणारी वीतभर पांढरी फुलं. नाव काय याचं?

ब्रुगमॅन्सिया. नर्सरीत 'एंजल ट्रम्पेट' म्हणून मागा, लगेच कळेल. वांगी, बटाटा, मिरची, तंबाखू यांच्याच कुळातलं. बागेत साधारण तीन-चार मीटर वाढतं, मूळ मुलखात काही जाती आठ-दहा मीटरपर्यंत जातात. फूल जातीप्रमाणे साधारण 14 ते 50 सेंटिमीटर लांब. नाव पडलं ते नेदरलँड्समधल्या लायडनचे प्राध्यापक सेबाल्ड युस्टिनस ब्रुगमान्स (1763–1819) यांच्यावरून.

म्हणजे आपला धोत्राच ना? आमच्या आजी तरी तसंच म्हणतात.

आजींचं अगदीच चुकत नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही 1753 मध्ये याला धोत्र्याच्याच प्रजातीत घातलं होतं. पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1805 मध्ये वेगळं काढलं, पुढे पुन्हा एकत्र केलं गेलं, आणि 1973 मध्ये लॉकवूड या वनस्पतिशास्त्रज्ञाने नीट कारणं देऊन ते कायमचं वेगळं केलं. दीडशेहून अधिक वर्षं शास्त्रज्ञच घोळ घालत होते, तर आजींना काय बोलायचं?

ओळख सोपी आहे. धोत्रा कमरेएवढं झुडूप, फूल आभाळाकडे किंवा तिरकं पाहणारं, फळ काटेरी आणि पिकलं की उकलणारं. ब्रुगमॅन्सियाला लाकडी खोड असतं, ते वर्षानुवर्षं जगतं, फूल जमिनीकडे पाहतं आणि फळ गुळगुळीत, न उकलणारं. विषाच्या बाबतीत मात्र दोघं सख्खे भाऊ.

इंग्रजांनी आणलं म्हणतात. मूळ कुठलं?

दक्षिण अमेरिकेतलं. एकूण सात जाती. बहुतेकींचं घर अँडीजच्या डोंगरउतारांवर, कोलंबिया, इक्वेडोर, पेरूच्या बाजूला. काही अपवाद आहेत: सुआवेओलेन्स ही ब्राझीलच्या आग्नेय भागातली, व्हर्सिकलर इक्वेडोरच्या ग्वायाकिल भागातल्या सखल प्रदेशातली. हा फरक लक्षात ठेवा, लाल फुलांच्या प्रश्नात तो कामाला येणार आहे.

कोलंबियातल्या सिबुंदॉय खोऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दोन हजार मीटरपेक्षा उंचावरचं हे खोरं. तिथले कामेन्त्सा लोक पिढ्यान् पिढ्या या झाडाच्या निवडक फांद्या परसात लावून वाढवत आलेत. त्यातल्या एकाची पानं इतकी अरुंद आणि फूल इतकं चिरलेलं की रिचर्ड शुल्टेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1955 मध्ये ती स्वतंत्र प्रजाती म्हणूनच नोंदवली. नंतर कळलं, ब्रुगमॅन्सियाचंच बदललेलं रूप. स्पॅनिश बोलणारे लोक या झाडाला 'बोराचेरो' म्हणतात, म्हणजे झिंगवणारं.

आमच्या गावी येईल का? (पुणे, नाशिक, मुंबई, नागपूर, पणजी: सगळ्यांचा हाच प्रश्न)

येईल, पण सगळीकडे सारखं खूश राहणार नाही. याला हवी मऊ हवा: दिवसा फार तापू नये, रात्री गारवा, हवेत दमटपणा. भिलारला मी त्याच्याकडे आठवडाभर बघत नाही तरी फुलतं. पुण्यात पावसाळा आणि थंडी छान जाते, एप्रिल-मे मात्र ते कसंबसं काढतं. मुंबई-गोव्यात पानं भरघोस येतात, फुलं त्या मानाने कमी. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात मी तरी हट्ट करणार नाही. लावायचंच असेल तर घराच्या पूर्वेला, दुपारच्या उन्हाआड लावा.

नेटवर लाल-पिवळ्या नळीसारख्या फुलाचं पाहिलं. तेच हवंय. मागवू का?

सह्याद्रीच्या खाली राहत असाल तर पैसे वाया घालवू नका. ती सांग्विनिया. ती, आर्बोरिया आणि व्हल्कॅनिकोला या तीन जाती उंच, थंड अँडीजच्या. रात्री उकाडा असला की त्या नुसत्या कुढतात. उटी-कोडाईकनालसारख्या उंचीवर जमू शकतं. आपल्याकडे बागेत टिकतात ती पांढरी, फिकट पिवळी, गुलाबी फुलांची झाडं, आणि त्यांत सुआवेओलेन्स आणि संकरच जास्त.

सांग्विनियाला वासही नसतो. पांढऱ्या फुलांचा संध्याकाळी सुटणारा सुगंध रात्री फिरणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतो, सांग्विनियाकडे दिवसा हमिंगबर्ड येतात. त्यातल्या तलवारचोच्या हमिंगबर्डची चोच शेपूट सोडून बाकीच्या अंगापेक्षा लांब असते. तेवढ्या खोल नळीतला मध प्यायचा तर दुसरा इलाज नाही.

वेण्णा तलावाजवळ दव गोठलं त्या रात्री झाड काळं पडलं. मेलं का?

बहुधा नाही. याच्या पानांत आणि कोवळ्या फांद्यांत पाणी खूप. पारा शून्याला टेकला की ते गोठतं, पेशी फुटतात आणि सकाळी उन्हात सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोळागोळा होऊन लोंबतात. ते बघवत नाही, म्हणून लोक लगेच कोयता घेऊन बसतात. घाई नको. काळी फांदी खालच्या फांदीला आडोसा देते. थंडी ओसरली की नखाने साल खरवडून बघा: आत हिरवं असेल तिथवर जिवंत, तपकिरी असेल ते कापा. वरचं सगळं गेलं तरी बुंध्याभोवती पाचोळ्याचा जाड थर असेल तर मुळातून फुटतं.

निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा चार-पाच अंशांवर येतो. तेवढ्याने झाड मरत नाही, वाढ थांबते आणि पानं गळतात. अशा रात्री जुनं धोतर किंवा गोणपाट टाका, प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकला टेकलेली पानं आधी जातात.

पाणी किती? दुपारी पार माना टाकतं, म्हणून मी तीनदा घालते.

पानं मोठी, बाष्प भरपूर जातं, त्यामुळे दुपारी माना टाकणं ही त्याची सवयच. आधी माती बघा. ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, आपोआप ताठ होईल. कोरडी असेल तरच घाला. उन्हाळ्यात कुंडीला सकाळ-संध्याकाळ लागतं, पावसात महिनाभर हात लावू नका. तीनदा घालून कुंडीत डबकं झालं तर मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही मानाच टाकतं. मग आपण आणखी पाणी घालतो.

खताला मात्र हे झाड खादाड आहे. पावसाच्या सुरुवातीला दोन घमेली कुजलेलं शेणखत, पुढे दर पंधरा दिवसांनी भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी. कुंडी 18 इंचांपेक्षा लहान नको.

दोन वर्षं झाली, पानं हातभर, फूल एक नाही. नर्सरीवाल्याने फसवलं का?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि नव्वद टक्के वेळा दोष आपल्या कात्रीचा असतो.

रोप आधी एकच सरळ दांडा वर नेतं. मग एक दिवस त्या दांड्याला बेचकं फुटतं, गलोलीला लागतं तसं. फुलं येतात ती या बेचक्यापासून वरच, खाली नाही. आपण झाड "आटोपशीर" दिसावं म्हणून दर पावसाळ्यात बेचक्याच्या खाली छाटतो, आणि झाड बिचारं पुन्हा शून्यापासून दांडा वाढवायला लागतं.

बेचकं सापडत नसेल तर पानाचं बूड पाहा. खालच्या भागातल्या पानाच्या दोन्ही बाजू देठाला एकाच ठिकाणी मिळतात. बेचक्याच्या वरच्या पानात एक बाजू देठावर थोडी खाली उतरलेली असते, दर्जीने काठ चुकवून शिवल्यासारखी. असं तिरकं पान दिसलं की समजा, ही फुलायची फांदी. छाटताना बेचक्याच्या वर निदान पाच-सहा पेरं ठेवा.

बेचकं आहे तरी फूल नाही? मग सावली जास्त, किंवा युरियाचा मारा, किंवा कडक उन्हाळा. फुलं एकदम बहराने येतात, आठ-दहा दिवस झाड लदबदतं, मग काही आठवडे शांत. त्या शांततेतला फोटो पाठवून "बिघडलं का" विचारू नका.

फांदीपासून रोप कसं करायचं?

याच्याइतकं सोपं फाटे कलम जास्वंदीचंही नसेल. पेन्सिलीपेक्षा जाड, तपकिरी झालेली वीतभर फांदी घ्या, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा, निम्मी फांदी ओल्या कोकोपीटमध्ये. सावलीत तीन आठवड्यांत मुळं धरतात. बेचक्याच्या वरची फांदी लावली तर रोप बुटकं राहतं पण लवकर फुलतं. खालची लावली तर उंच होतं, वाट पाहायला लावतं. कुंडीसाठी पहिली, कुंपणासाठी दुसरी. हातमोजे घाला, कारण डोळ्याच्या प्रश्नात सांगितलंय.

पानांवर पिवळे ठिपके, मागे बारीक जाळी.

लाल कोळी. मार्च ते मे हक्काने येतो, कारण त्याला कोरडी हवा आवडते. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा एक दिवसाआड मारा, आठवडाभर. मग निंबोळी तेल, संध्याकाळी. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूणही येतात, उपाय तोच.

पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी आणि पान आकसलेलं असेल तर तो विषाणूही असू शकतो, त्यावर फवारा नाही. तंबाखूचा मोझॅक विषाणू या कुळातल्या झाडांना हातावरून लागतो. म्हणून तंबाखू मळणाऱ्या माळीमामांना साबणाने हात धुतल्याशिवाय छाटणीला लावू नका. मामा रागावतात, रागावू द्या.

विषारी आहे हे खरं, की नेटवरची भीती?

खरं. पान, फूल, बी, मूळ, रस, सगळंच. यात स्कोपोलामिन, हायोसायमिन आणि अ‍ॅट्रोपीन ही द्रव्यं असतात. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, ताप चढतो, लघवी अडते, आणि माणूस बरळायला लागतो, नसलेली माणसं पाहतो. जीवही जाऊ शकतो.

यातलं अ‍ॅट्रोपीन शेतकऱ्यांच्या घरात ओळखीचं असेल: फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झाली की दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते हेच. स्कोपोलामिनची कानामागे लावायची चिकटपट्टी बोट लागणाऱ्यांना देतात. औषध आहेच, पण मोजून दिलेलं. झाडाला मोजमाप कळत नाही. एकाच झाडाच्या दोन पानांतही प्रमाण सारखं नसतं.

घरात दीड वर्षाचं मूल आहे. झाड काढून टाकू?

मी असते तर मूल मोठं होईपर्यंत कोणाला तरी देऊन टाकलं असतं. कण्हेरीबरोबर आपण पिढ्यान् पिढ्या राहिलो हे खरं, पण याची गळलेली फुलं थेट जमिनीवर, मुलाच्या हाताच्या उंचीला पडतात, आणि ती खेळण्यासारखी दिसतात. ठेवायचंच असेल तर रोज सकाळी फुलं वेचायची. कुत्री, मांजरं, शेळ्या, गाई यांनाही बाधतं.

मुलाने तोंडात घातलं तर लक्षणांची वाट पाहू नका. तोंडातलं काढा, मिठाचं पाणी पाजून ओकारी करवू नका, 108 ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा, आणि झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. "काहीतरी झाड खाल्लं" यापेक्षा ती फांदी डॉक्टरांना जास्त सांगते.

छाटणी केल्यावर एका डोळ्याने धूसर दिसतंय. संबंध आहे का?

असू शकतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. माझं झालं ते सांगते. भिलारला ऑक्टोबरात छाटणी करताना मनगटाने घाम पुसला. तासाभराने पेपर वाचायला घेतला तर उजव्या डोळ्याने अक्षरं विरघळलेली. आरशात पाहिलं: उजवी बाहुली काळीभोर, बुब्बुळ भरून पसरलेली, डावी नेहमीसारखी. यजमानांना वाटलं अर्धांगाचा झटका, गाडी काढून वाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "बागेत काय करत होतात?" रस डोळ्यात गेला की बाहुली पसरते, प्रकाशाने आकसत नाही. माझी तीन दिवसांनी पूर्ववत झाली.

पण बोलणं अडखळत असेल, हातपाय लुळे पडले असतील, डोकं जबर दुखत असेल तर झाडावर ढकलू नका, ताबडतोब दवाखाना.

याच्याखाली झोपलं तर वेड लागतं?

अँडीजमधल्या गावांतही ही समजूत आहे, तेव्हा आपल्याकडे कोणी नवीन काढलेली नाही. वासाबरोबर विष हवेत उडत नाही. मात्र वास फार गडद असतो. बंद खोलीत दहा फुलं ठेवलीत तर डोकं चढेल, रातराणीनेही चढतं. झाड खिडकीपासून चार हात लांब लावा, संध्याकाळी सातनंतर अंगणात बसा. तेव्हाच ते खरं कळतं.

शंकराला वाहिलं तर चालेल का? धोत्रा चालतो मग हा का नाही?

धर्माचा निर्णय मी देत नाही. एवढंच सांगते की हे झाड अमेरिकेतून आलेलं, त्यामुळे जुन्या पोथ्यांत याचा उल्लेख असणं शक्य नाही. वाहायचंच असेल तर दोन गोष्टी पाळा. तीर्थाच्या भांड्यात पडू देऊ नका. आणि निर्माल्य गाईपुढे टाकू नका.

धोत्र्याची वाळकी पानं दम्यावर ओढतात. याची चालतील का?

नाही. कारण वर विषाच्या उत्तरात आलंय: प्रमाण कळत नाही. दम्याच्या काही पंपांत इप्राट्रोपियम नावाचं औषध असतं, ते अ‍ॅट्रोपीनवरूनच बनवलेलं. म्हणजे जुन्या वैदूंच्या अनुभवातलं खरं ते दवाखान्यात आधीच आलंय, मोजून मापून.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की चोर याची पूड लावलेलं कार्ड हातात देतात आणि आपण त्यांचं सगळं ऐकतो.

कोलंबियात लोकांना पेयातून स्कोपोलामिन देऊन लुटण्याचे प्रकार झालेत, ते खरं. कार्डाला हात लावला आणि माणूस बाहुला झाला, ही गोष्ट पटण्यासारखी नाही. बोटांना लागलेल्या कणाने एवढं होत नाही. अनोळखी माणसाने दिलेलं सरबत पिऊ नका, कार्ड खुशाल घ्या.

आम्ही न्यू जर्सीत आहोत. बर्फात काय करायचं?

कुंडीतच वाढवा. पहिल्या हिमाच्या आधी छाटून (बेचक्याच्या वर, फुलांच्या प्रश्नात पाहा) तळघरात ठेवा, पाच ते दहा अंशांत. पानं सगळी गळतील, घाबरू नका. महिन्यातून एक-दोनदा तांब्याभर पाणी. बाहेर मे महिन्यात, तेही आधी आठवडाभर सावलीत. तुमचा उन्हाळा या झाडाला आमच्या उन्हाळ्यापेक्षा मानवतो, तेव्हा तक्रार करू नका.

इतकी फुलं येतात, मग शेंग का धरत नाही? बी हवं होतं.

कारण बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत, आणि तुमच्या गल्लीतली सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या असतात. दहा झाडं दिसली तरी मुळात एकच. वेगळ्या वाणाचा पराग संध्याकाळी हाताने लावलात तर फळ धरेल.

याच प्रश्नाला एक मोठी बाजू आहे. रानात आपोआप वाढणारी ब्रुगमॅन्सिया आज त्याच्या मायदेशात सापडत नाही. धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत सातही जाती 'रानातून नामशेष' म्हणून नोंदल्यात. फळ उकलत नाही, ते खाऊन बी पसरवणारा प्राणीही दिसत नाही. असा अंदाज आहे की ते काम करणारे मोठे प्राणी फार पूर्वीच संपले. त्यानंतर या झाडाला सांभाळलं ते माणसांनी. सिबुंदॉयच्या परसापासून भिलारच्या कुंपणापर्यंत, एकाने दुसऱ्याला फांदी दिली म्हणून.

मग आमच्या ओढ्याकाठी आपोआप पसरलंय ते वाढू द्यायचं की उपटायचं?

उपटायचं. मायदेशी रानातून गेलेली सुआवेओलेन्स दुसऱ्या मुलखांत ओढ्यांच्या काठाने रान माजवते, निलगिरीतही माजली आहे. बी लागतच नाही. पुरात मोडलेली फांदी खाली कुठेतरी अडकते आणि रुजते. म्हणून छाटलेलं ओढ्यात किंवा कचऱ्याच्या ढिगावर फेकू नका. आमच्याकडे फांद्या आधी पत्र्यावर कडकडीत वाळवतात, महिनाभर तरी, नाहीतर ढिगाऱ्यातही फुटतात. मग खड्ड्यात. शेकोटीत नको, आणि चुलीत तर मुळीच नको: त्या धुरात बसून पाणी तापवणारं कोणीतरी असतंच.